नाशिकच्या थंडीत सायकल: चालवावी कशी आणि राखावी कशी

नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचे चार महिने नाशिकमध्ये सायकल चालवण्यासाठी सर्वांत चांगले असतात. पावसाळ्यातला चिखल सरलेला असतो, रस्ते कोरडे असतात, सकाळी नऊपर्यंत ऊन चटका देत नाही आणि गंगापूर धरणाकडे, अंजनेरीकडे किंवा दिंडोरी रस्त्याने द्राक्षबागांमधून जाताना दम लागला तरी जीव कासावीस होत नाही. याच महिन्यांत अनेक जण सायकल घेतात किंवा घरात पडून राहिलेली सायकल पुन्हा बाहेर काढतात. मात्र याच काळात पहाटे धुके आणि दव असते, रस्त्याच्या कडेला वाळलेले सराटे पसरलेले असतात, साखळीवर बारीक धूळ बसते आणि संक्रांतीच्या सुमारास मांजा आडवा येतो. म्हणून हिवाळ्यातली सायकलस्वारी आणि सायकलची प्राथमिक निगा या दोन गोष्टी एकत्रच शिकाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१५ साली नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली, याचा या शहराला रास्त अभिमान आहे. अशा शर्यतीत स्पर्धकाच्या मागे गाडी असते आणि गाडीत मदतनीस असतात. त्र्यंबक रस्त्यावर पहाटे सहाच्या अंधारात निघालेला सामान्य सायकलस्वार मात्र एकटा असतो, आणि पंक्चरचे दुकान उघडायला अजून तीन तास असतात. त्या वेळी आपल्याला जेवढे येते तेवढ्यावरच घरी परतायचे असते.

बहुतेक नवशिके गिअरपासून शिकायला सुरुवात करतात, कारण गिअरची खडखड कानाला लगेच जाणवते. हा क्रम मला चुकीचा वाटतो. ज्या भागाच्या बिघाडामुळे माणूस पडू शकतो तो भाग आधी शिकावा, ज्याच्यामुळे वाटेत अडकू शकतो तो त्यानंतर, आणि ज्याच्यामुळे नुसता त्रास होतो तो शेवटी. म्हणून पुढचा क्रम ब्रेक, टायर, साखळी आणि मग गिअर असा ठेवला आहे. त्याआधी अंगावरचे कपडे आणि पहाटेचा रस्ता यांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे.

थंडी आणि कपडे

हिवाळ्यात राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांत निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्राचा आकडा वारंवार येतो. नाशिक शहरातही थंडीच्या लाटेत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. सायकलवर या थंडीत वाऱ्याची भर पडते. हवा १० अंशांवर असताना ताशी २० किलोमीटर वेगाने गेल्यास उघड्या त्वचेला ती सुमारे ७ अंशांसारखी लागते, आणि उतारावर वेग ४० पर्यंत गेला तर सुमारे ६ अंशांसारखी. म्हणजे चढाला घाम येतो आणि त्याच घामाने ओले झालेले अंग उताराला गारठते. त्र्यंबककडे जाताना रस्ता एकंदरीत चढता असल्यामुळे जाताना उकडते आणि येताना कुडकुडायला होते, याचे कारण हेच आहे.

यावर एकच जाड स्वेटर घालणे हा उपाय नाही. आत अंगालगत घाम शोषून न ठेवणारा पॉलिएस्टरचा पातळ टी-शर्ट, त्यावर पूर्ण बाह्यांचा दुसरा थर आणि सर्वांत वर वारा अडवणारे पातळ जाकीट, असे तीन थर असावेत. सुती बनियन आत मुळीच नको, कारण ते भिजले की वाळत नाही आणि छाती गार पडते. चांगले जाकीट नसेल तर उतार सुरू होण्याआधी वर्तमानपत्राचे दोन-तीन कागद शर्टाच्या आत छातीवर सरकवावेत. शर्यतीत उतरणारे जुने सायकलपटूही घाटमाथ्यावर हेच करत असत, आणि ते खरोखर उपयोगी पडते. घरातून निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर कपडे जास्त झाले आहेत, असे समजावे.

हातमोजे हिवाळ्यात चैनीचे समजू नयेत. बोटे बधिर झाली की ब्रेकचा लिव्हर दाबायला उशीर होतो, म्हणून बोटे झाकणारे पण जाड नसलेले हातमोजे निवडावेत. कानांसाठी हेल्मेटच्या आत बसेल अशी पातळ पट्टी पुरे होते, पण तिच्यामुळे मागून येणाऱ्या गाडीचा आवाज दबला जात नाही ना, हे पाहावे. मफलर, ओढणी किंवा शालीचे टोक कधीही मोकळे सोडू नये, कारण ते मागच्या चाकात किंवा साखळीत गुंतले तर गळ्याला फास बसून सायकल जागच्या जागी उलटू शकते. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी घरी ठेवून जाण्याची सवयही चुकीची आहे. घाम थंडीतही जातो, फक्त तो लगेच वाळत असल्याने दिसत नाही.

पहिली दहा मिनिटे हलक्या गिअरवर, पाय भरभर फिरवत चालवावे. गुडघ्यांचे दुखणे बहुधा या दहा मिनिटांत जड गिअरवर जोर लावल्याने किंवा सीट खाली असल्याने सुरू होते. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवली आणि पॅडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला, तर सीटची उंची साधारण बरोबर आहे.

पहाटेचा रस्ता

डिसेंबर-जानेवारीत नाशिकमध्ये सूर्य सात-सव्वासातच्या सुमारास उगवतो. सहाला निघणाऱ्याचा पहिला तास अंधारात जातो, आणि गोदावरीच्या काठाने, सोमेश्वरच्या पुढे किंवा नांदूर मधमेश्वरच्या वाटेवर त्यात धुक्याची भर पडते. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा असल्याशिवाय या वेळी बाहेर पडू नये. मागचा दिवा सीटखाली लावताना तो जाकिटाच्या टोकाने किंवा पिशवीने झाकला जात नाही ना, हे सायकलीपासून वीस पावले मागे जाऊन पाहावे. दिव्यांची बॅटरी थंडीत लवकर उतरते, त्यामुळे रात्री चार्जिंगला लावायला विसरू नये. पायाच्या घोट्याला बांधायची चमकणारी पट्टी स्वस्त असते आणि पॅडलबरोबर वर-खाली होत असल्यामुळे मागच्या चालकाच्या नजरेत चटकन भरते.

आपण दिसणे जितके महत्त्वाचे तितकेच समोरचे आपल्याला दिसणे. निफाड, पिंपळगाव, ओझर या बाजूच्या रस्त्यांवर ऊस, द्राक्षे आणि कांदा वाहणारे ट्रॅक्टर पहाटेपासून धावतात, आणि अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. धुक्यात अशा ट्रॉलीच्या मागे चिकटून जाऊ नये. सातपूर आणि अंबडच्या रस्त्यांवर कंपन्यांच्या पाळीच्या बसगाड्यांची वेळ टाळलेली बरी. सिंहस्थाच्या तयारीची कामे जिथे चालू असतील तिथे कालचा रस्ता आज तसाच असेल असे गृहीत धरू नये. नवी वाट प्रथम दिवसाउजेडी पाहून ठेवावी आणि मगच अंधारात तिच्यावर जावे.

सूर्य उगवल्यावर आणखी एक धोका असतो, ज्याचा विचार फारसा कोणी करत नाही. सकाळी गंगापूर किंवा त्र्यंबकच्या दिशेने, म्हणजे पश्चिमेकडे जाताना ऊन पाठीवर असते आणि आपल्याला सगळे स्वच्छ दिसते. समोरून शहराकडे येणाऱ्या चालकाच्या मात्र ते थेट डोळ्यांत जाते, आणि ओव्हरटेक करताना त्याला आपण दिसतोच असे नाही. परतताना हीच तिरीप आपल्या डोळ्यांवर येते. हेल्मेटला पुढे छोटी छपरी किंवा डोळ्यांवर चष्मा असावा, आणि त्या अर्ध्या तासात रस्त्याची कडा सोडू नये.

जानेवारीत मांजाची काळजी घ्यावीच लागते. येवल्यात तर संक्रांतीला तीन दिवस पतंगोत्सव रंगतो आणि शहरातही डिसेंबरपासून पतंग उडू लागतात. नायलॉन मांजावर बंदी असूनही तो वापरला जातो, आणि दुचाकीवरच्या माणसाचा गळा, नाक किंवा गाल त्याने कापला गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. सायकलस्वाराचा गळा पूर्ण उघडा असतो. या आठवड्यांत जाड कापडाची गळपट्टी हनुवटीपर्यंत ओढून घ्यावी, तिची टोके जाकिटात खोचावीत, आणि दाट वस्तीतून किंवा पुलावरून जाताना वेग कमी ठेवावा. मागच्या चाकाच्या आसात गुंडाळला गेलेला मांजा घरी आल्यावर कात्रीने कापून काढावा. तो ओढून काढल्यास बोट कापते.

ब्रेक

ब्रेकची परीक्षा उभ्याउभ्याच घेता येते. सायकलच्या शेजारी उभे राहून पुढचा ब्रेक दाबावा आणि सायकल पुढे ढकलावी. पुढचे चाक जागचे न हलता मागचे चाक उचलले गेले पाहिजे. मग मागचा ब्रेक दाबून पुढे ढकलावे, तेव्हा मागचे चाक न फिरता फरफटले पाहिजे. लिव्हर हँडलच्या दांड्याला टेकत असेल तर सायकल बाहेर काढू नये. कोणत्या हाताला कोणता ब्रेक आहे हे नव्या किंवा उसन्या सायकलीवर आधी तपासावे, कारण सगळ्या सायकलींवर ते सारखे नसते.

रिमला धरणाऱ्या ब्रेकमध्ये तार सैल झाली असेल तर लिव्हरपाशी, जिथे तार त्यात शिरते तिथे, हाताने फिरवायचा एक पोकळ स्क्रू असतो. त्याची कडी सैल करून तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने अर्धा-अर्धा फेरा फिरवत जावे, प्रत्येक वेळी ब्रेक दाबून पाहावा, आणि समाधान झाल्यावर कडी पुन्हा घट्ट करावी. हा स्क्रू पूर्ण बाहेर आला तरी ब्रेक सैलच असेल, तर स्क्रू परत आत फिरवून चाकापाशी तार आवळणारा बोल्ट, जो बहुतेक सायकलींना ५ मिलिमीटरच्या ॲलन कीने, म्हणजे षटकोनी टोकाच्या किल्लीने, सुटतो, तो सैल करावा. एका हाताने दोन्ही ब्रेक रबर रिमजवळ दाबून धरावेत, तीन-चार मिलिमीटर तार ओढून घ्यावी आणि बोल्ट आवळावा. चाक फिरवल्यावर रबर आणि रिम यांच्यात दोन्ही बाजूंना साधारण दोन मिलिमीटरची फट राहावी.

त्यानंतर ब्रेक रबर जवळून पाहावा. त्याच्यावर आडव्या खाचा असतात. त्या झिजून सपाट झाल्या असतील तर रबर बदलायचा. रबर पूर्णपणे रिमवरच बसला पाहिजे. त्याची वरची कडा टायरला घासत असेल तर काही दिवसांत टायरची बाजू कापली जाते आणि चालत्या सायकलचा टायर फुटतो. बारकाईने पाहिल्यास रबरात रुतलेले ॲल्युमिनियमचे चमकणारे कण दिसतात. तेच ब्रेकचा किरकिर आवाज करतात आणि रिम खातात. ते सुईने उकरून काढावेत, रबराचा गुळगुळीत झालेला थर पॉलिश पेपरने हलका घासावा आणि रिम साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा करावा.

सायकल रात्रभर अंगणात किंवा गच्चीवर असेल तर दवाने रिम ओला होतो आणि पहिला ब्रेक जवळजवळ लागतच नाही. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडण्याआधीच दोन-तीन वेळा हलके ब्रेक लावून रिम कोरडा करून घ्यावा. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कला तेलकट हात लावू नये आणि साखळीला तेल सोडताना त्याचा शिंतोडा तिच्यावर उडू देऊ नये, कारण एकदा पॅडने तेल प्यायले की बहुधा तो बदलावाच लागतो. पॅडवरचा घर्षणाचा थर एक मिलिमीटरपेक्षा कमी राहिला असेल तर नवा पॅड घालावा. तारेचे धागे कुठेही सुटलेले दिसले तर ती तार त्याच दिवशी बदलावी, तिच्यावर आणखी एक फेरी काढू नये.

हवा, सराटा आणि पंक्चर

थंडीत टायरमधील हवेचा दाब आपोआप उतरतो. दुपारी ३० अंशांत ६० पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) भरलेला टायर पहाटे १० अंशांत सुमारे ५५ दाखवतो, आणि त्यात ट्यूबमधून नेहमी झिरपणारी हवा वेगळी. म्हणून आठवड्यातून एकदा तरी, तेही पहाटे निघण्याआधी, दाब मोजून हवा भरावी. दाबाची मर्यादा टायरच्या बाजूवरच छापलेली असते. साधारणपणे माउंटन बाइकच्या रुंद टायरला ३० ते ५०, हायब्रिडला ५० ते ७० आणि शर्यतीच्या अरुंद टायरला ८० ते १०० पीएसआय लागतात, आणि वजनदार स्वाराने त्यातली वरची बाजू धरावी. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्याची पद्धत अरुंद टायरला अजिबात चालत नाही, कारण ६० आणि ९० दोन्ही अंगठ्याला सारखेच कडक लागतात. दाबमापक असलेला उभा पंप घरात असणे ही पहिली खरेदी समजावी.

पावसाळ्यात रस्त्याकडेला उगवलेला सराटा, ज्याला काही जण गोखरू म्हणतात, हिवाळ्यात वाळतो आणि त्याची टणक काटेरी फळे कडेच्या मातीत विखुरतात. फळ कसेही पडले तरी त्याचे एखादे टोक वरच राहते. मोटारीला वाट देण्यासाठी डांबरावरून कच्च्या कडेला उतरले की नेमके हेच काटे टायरला चिकटतात, म्हणून गंगापूर आणि दिंडोरी बाजूला शक्यतो डांबरावरच राहावे, आणि उतरावेच लागले तर परत वर येताच थांबून दोन्ही टायर पाहावेत. बाभळीचा काटा याहून लांब असतो आणि टायर आरपार छेदतो. रोज घरी आल्यावर चाक हळूहळू फिरवत टायरचा पृष्ठभाग नजरेखालून घालावा आणि रुतलेले काटे, काच किंवा तारेचे तुकडे टोकदार चिमट्याने काढावेत. अर्धवट रुतलेला काटा त्या दिवशी ट्यूबपर्यंत पोहोचत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोहोचतो. संध्याकाळची ही पाच मिनिटांची पाहणी पुष्कळ पंक्चर टाळते.

तरीही पंक्चर होणारच, आणि ते काढण्याचा सराव आधी घरी, उजेडात, बोटे ऊबदार असताना करावा. मागचे चाक काढायचे असेल तर साखळी आधी सर्वांत लहान दातेरी चक्रावर आणावी, म्हणजे चाक सहज सुटते. ब्रेक मोकळा करावा, हवा पूर्ण सोडावी आणि टायरची कडा दोन्ही अंगठ्यांनी सर्व बाजूंनी रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलावी. असे केले की घट्ट वाटणारा टायरही सैल होतो. मग वॉल्व्हपासून दूरच्या बाजूला प्लास्टिकचे टायर लिव्हर घालून एक कडा बाहेर काढावी. स्क्रूड्रायव्हर वापरू नये. तो ट्यूबला दुसरे भोक पाडतो आणि रिमची कडाही दुमडतो.

ट्यूब बाहेर काढून तिच्यात हवा भरावी आणि ओठांजवळून फिरवावी. कानाला ऐकू न येणारी गळतीही ओल्या ओठांना गार लागते, त्यामुळे बादलीभर पाणी नसले तरी अडत नाही. भोक सापडल्यावर ट्यूब टायरवर पूर्वीसारखी धरून पाहावी, म्हणजे काटा टायरमध्ये नेमका कुठे असेल ते कळते. टायरचा आतला भाग चाचपण्यासाठी बोट नव्हे तर कापसाचा बोळा किंवा चिंधी फिरवावी. काट्याचे तुटलेले टोक जिथे असेल तिथे कापसाचा तंतू अडकतो. ते टोक तसेच राहिले तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. सराट्याला एकाहून अधिक टोके असतात, त्यामुळे एक भोक सापडले म्हणून शोध थांबवू नये. दोन भोके अगदी शेजारी-शेजारी, समांतर असतील तर ती काट्याची नसून कमी हवेवर खड्ड्यात आपटल्याने रिमने चावलेली असतात, आणि त्याचा उपाय पुरेशी हवा हाच आहे.

ठिगळ लावण्यासाठी भोकाभोवतीचा भाग पॉलिश पेपरने खरखरीत करावा, सोल्यूशनचा पातळ थर ठिगळापेक्षा मोठ्या जागेवर पसरावा आणि तो ओलसर चमक जाईपर्यंत सुकू द्यावा. थंडीत याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि घाईने ओल्यावर चिकटवलेले ठिगळ सुटतेच. ठिगळ लावून अंगठ्याने मध्यापासून कडेकडे घट्ट दाबावे. माझा सल्ला असा की रस्त्यावर ठिगळ लावत बसूच नये. आपल्या चाकाच्या मापाची एक चांगली ट्यूब बरोबर ठेवावी, ती घालून घरी यावे, आणि जुन्या ट्यूबला दुपारी उन्हात बसून निवांत ठिगळ लावावे.

ट्यूब परत घालताना तिच्यात थोडी हवा भरून तिला गोल आकार द्यावा, आधी वॉल्व्ह भोकात घालावा, आणि टायरची कडा समोरच्या बाजूने अंगठ्यांनी आत ढकलत शेवट वॉल्व्हपाशी करावा. शेवटचा भाग आत गेल्यावर वॉल्व्ह क्षणभर आत ढकलून पुन्हा ओढावा, म्हणजे तिथे चिमटलेली ट्यूब सुटते. पूर्ण हवा भरण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी फिरून ट्यूब कुठे डोकावत नाही, हे पाहावे. जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलीत वॉल्व्हच्या आत एक बारीक रबरी नळी असते. ती वाळून तडकली की पंक्चर नसतानाही रोज हवा उतरते. वॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावावा. बुडबुडा आला तर ट्यूबला हात न लावता फक्त ती नळी बदलावी.

साखळी

कोरड्या हवेतली धूळ आणि साखळीवरचे जास्तीचे तेल एकत्र आले की त्याचा काळा लगदा होतो, आणि तो लगदा पॉलिश पेपरसारखा साखळीचे सांधे आणि चक्राचे दात झिजवत राहतो. हिवाळ्यात साखळीचे नुकसान तेल कमी पडल्यामुळे होते त्याहून अधिक न पुसता घातलेल्या तेलामुळे होते. म्हणून आधी साफ करावे आणि मगच तेल घालावे, हा नियम मोडू नये.

एका वाटीत थोडे डिझेल किंवा दुकानात मिळणारे साखळी साफ करण्याचे द्रव्य घ्यावे. जुन्या टूथब्रशने खालच्या बाजूची साखळी घासत, दुसऱ्या हाताने पॅडल उलटे फिरवत सगळे दुवे मोकळे करावेत, आणि मागच्या दातेरी चक्रांमधली माती चिंधीची कडा घालून ओढावी. मग साबणाच्या पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसावे आणि सायकल तासभर उन्हात ठेवावी. चाकाच्या आसावर किंवा पॅडलच्या मधल्या आसावर जोराचे पाणी मारू नये, कारण ते आतले ग्रीस धुऊन नेते. वाटीतले मळलेले डिझेल गटारात ओतू नये, ते शेवटी नासर्डीत आणि गोदावरीतच जाते. बाटलीत भरून ठेवल्यास गाळ खाली बसतो आणि वरचे डिझेल पुढच्या वेळी वापरता येते.

तेल घालताना खालच्या साखळीच्या आतल्या बाजूने प्रत्येक दुव्याच्या रोलरवर एकेक थेंब सोडावा, पॅडल वीसेक वेळा उलटे फिरवावे, पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि मग साखळी कोरड्या चिंधीत धरून बाहेरचे सगळे तेल पुसून काढावे. तेल सांध्याच्या आत हवे असते, बाहेरच्या पट्ट्यांवर त्याचा काही उपयोग नसतो. आपल्याकडच्या धुळीसाठी कोरड्या हवामानाचे साखळीचे तेल सर्वांत चांगले. ते मिळेपर्यंत शिवणयंत्राचे तेल चालते, मात्र ते पातळ असल्याने लवकर पुन्हा घालावे लागते. खोबरेल तेल मुळीच वापरू नये, कारण ते सुमारे २४ अंशांच्या खाली गोठू लागते आणि पहाटे साखळी आखडते. खाद्यतेल चिकट होते, मोटारीचे जाड तेल धूळ ओढते, आणि डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा फवारा पाणी हटवायला आणि गंज मोकळा करायला चांगला असला तरी वंगण म्हणून तो टिकत नाही.

साखळी किती झिजली हे शाळेच्या बारा इंची पोलादी पट्टीने कळते. साखळी ताणलेली असताना पट्टीचे शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवावे. नव्या साखळीत बरोबर १२ इंचांवर दुसऱ्या पिनचा मध्य येतो. तो सुमारे दीड मिलिमीटर पुढे गेला असेल तर साखळी बदलावी. तीन मिलिमीटर पुढे गेला असेल तर मागचे दातेरी चक्रही झिजलेले असते, आणि नवी साखळी त्याच्यावर घसरते. वेळेवर साखळी बदलल्यास त्याहून महाग चक्र वाचते.

गिअर आणि नटबोल्ट

गिअर बदलताना साखळी मोठ्या चक्रावर चढायला कुरकुरत असेल तर मागच्या गिअरपाशी तार जिथे शिरते तिथला स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवावा, आणि लहान चक्रावर उतरायला उशीर करत असेल तर सुलट दिशेने. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर पॅडल फिरवून पाहावे. मागच्या गिअरवर एच आणि एल अशी अक्षरे असलेले दोन छोटे स्क्रू असतात. ते साखळीची दोन्ही टोकांची हद्द ठरवतात, आणि नवशिक्याने त्यांना हात लावू नये, कारण एल सैल झाला तर साखळी चाकाच्या तारांमध्ये जाऊन गिअर मोडू शकतो.

महिन्यातून एकदा सगळे बोल्ट हाताखालून घालावेत. पुढचे चाक गुडघ्यांमध्ये धरून हँडल वळवून पाहावे, ते चाकाशिवाय वळता कामा नये. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवावी. हँडलच्या खाली ‘टक्‌ टक्‌’ जाणवले तर तिथले बेअरिंग सैल आहे. सीटच्या दांड्यावर कमाल उंचीची खूण असते, ती बाहेर दिसता कामा नये. पॅडल काढायचे झाल्यास डाव्या पॅडलचा आटा उलटा असतो हे लक्षात ठेवावे, नाहीतर जोर लावून तो आणखी घट्ट होतो. या सगळ्यासाठी ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या ॲलन की, १५ चा पाना, एक स्क्रूड्रायव्हर, टायर लिव्हर, ठिगळांची डबी आणि पंप एवढे सामान पुरेसे आहे.

मिस्त्रीकडे काय न्यावे

चाकाची आउट काढणे (म्हणजे डुगडुगणारे चाक सरळ करणे), आसातले छर्रे आणि कोन बसवणे, हायड्रॉलिक ब्रेकमधले तेल बदलणे आणि वाकलेला गिअर सरळ करणे ही कामे सरावलेल्या हातांची आहेत, ती मिस्त्रीकडेच द्यावीत. सायकल सोडून निघून येण्यापेक्षा शेजारी उभे राहून पाहावे. बहुतेक कारागीर विचारल्यावर आनंदाने सांगतात. सायकल देताना ‘सर्व्हिसिंग करा’ एवढेच म्हणू नये. आवाज चढावर येतो की सपाटीवर, पॅडल थांबवल्यावर बंद होतो की चालू राहतो, ब्रेक दाबल्यावर वाढतो का, हे पाहून सांगावे. पॅडल थांबवल्यावर बंद होणारा आवाज बहुधा साखळी, पॅडल किंवा मधल्या आसाचा असतो, आणि न बंद होणारा चाकाचा किंवा ब्रेकचा, एवढ्या माहितीवर मिस्त्री नेमक्या जागी हात घालतो. सायकल परत घेताना पैसे देण्याआधी दोन्ही ब्रेकची उभ्याउभ्याची परीक्षा तिथेच घ्यावी.